गिअरचा दांडा छोटा केला की गाडी खरंच फास्ट होते? शॉर्ट शिफ्टरमागचं गणित काय?

गिअरच्या चकचकीत नॉबवर एक हात. मनगट जरासं हलतं, 'टक्' असा आवाज येतो आणि गिअर पडतो. कॅप्शनमध्ये एकच दावा असतो: शॉर्ट शिफ्टर बसवला की साधी हॅचबॅकही स्पोर्ट्स कारसारखी चालते. अशा रील्सखाली 'कुठे बसवून मिळेल?' हा प्रश्न हमखास दिसतो.

पण 'माझ्या गाडीला त्याची गरज आहे का?' हा त्याआधीचा प्रश्न फार कमी जण विचारतात. उत्तर चुकलं तर फटका गिअरबॉक्स, वॉरंटी आणि विमा अशा तिन्ही ठिकाणी बसू शकतो.

ही क्रेझ आत्ताच का?

गंमत म्हणजे मॅन्युअल गिअर मागे पडत चाललेला असताना ही हौस वाढते आहे. २०१४ मध्ये मारुती सेलेरियोमुळे एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारं स्वस्त तंत्र, भारतातल्या छोट्या गाड्यांत आलं. २०२० मध्ये ह्युंदाई व्हेन्यूच्या आयएमटी मॉडेलमध्ये गिअरचा दांडा राहिला, पण क्लचचं पेडल गेलं. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये तर बदलायला गिअरच नसतात.

तरीही हातातल्या दांड्याची ओढ सुटलेली नाही. २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाईच्या 'आयोनिक ५ एन' या इलेक्ट्रिक गाडीत गिअर बदलल्याचा झटका आणि आवाज सॉफ्टवेअरने मुद्दाम तयार केला जातो. थोडक्यात, अनेकांसाठी मॅन्युअल गिअर आता गरजेपेक्षा हौसेचा भाग झाला आहे. हौस आली की ती गोष्ट आणखी छान करण्याचा मोहही आला.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे नेमकं काय?

एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना हाताला जेवढं अंतर कापावं लागतं, त्याला 'थ्रो' म्हणतात. ते अंतर कमी करणारा दांडा किंवा जोडणी म्हणजे शॉर्ट शिफ्टर.

यामागचं तत्त्व पहारीचं आहे. पहारीने दगड उचलताना टेकूपासून हात जितका लांब, तितकं बळ कमी लागतं. मात्र हाताला अंतर जास्त कापावं लागतं. गिअरचा दांडाही असाच मधल्या एका टेकूवर फिरतो.

समजा, टेकूच्या वर दांडा ३० सेंटिमीटर आणि खाली ६ सेंटिमीटर आहे. खालचं टोक १ सेंटिमीटर हलवायला हात ५ सेंटिमीटर न्यावा लागेल. आता खालचा भाग ७.५ सेंटिमीटर केला, तर हाताला साधारण ४ सेंटिमीटरच जावं लागेल. अंतर २० टक्क्यांनी घटलं.

पण फुकट काहीच मिळत नाही. आधी हाताला २ किलोचा जोर लावावा लागत असेल, तर आता अडीच किलोचा लावावा लागेल. म्हणजे जोर २५ टक्क्यांनी वाढला. वरचा दांडा कापून ३० वरून २४ सेंटिमीटरवर आणला तरी हिशोब तोच राहतो.

मग गाडी फास्ट होते का?

नाही. इंजिनची ताकद तीच राहते आणि गिअरचं प्रमाणही तेच. बदलतो तो फक्त हाताचा प्रवास. रेस ट्रॅकवर वाचलेल्या क्षणाला किंमत असते. सिग्नल ते सिग्नल धावणाऱ्या गाडीत तो क्षण पुढच्या रिक्षामागे थांबण्यातच जातो.

दुसरी अडचण गिअरबॉक्सच्या आत आहे. गिअर जुळण्याआधी आतल्या भागांचा वेग सारखा व्हावा लागतो. हे काम सिंक्रोच्या कड्या घर्षणाने करतात. १९२८ मध्ये कॅडिलॅकने हे तंत्र गाड्यांत आणलं, तेव्हापासून गिअर टाकताना होणारी करकर कमी झाली. या कड्यांना त्यांचा वेळ लागतोच. दांडा छोटा आहे म्हणून दर वेळी जोरात ढकलला, तर कड्यांची झीज वाढते. त्या बदलायच्या तर गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागतो.

प्रत्येक गाडीत तसा फील येतो का?

मझ्दाच्या एमएक्स-५ या स्पोर्ट्स कारचा गिअर जगभर नावाजला जातो. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ही त्या गाडीमागची जपानी कल्पना. तिच्यात इंजिन लांबीत बसवलेलं असतं, ताकद मागच्या चाकांना जाते आणि गिअरबॉक्स जवळपास दांड्याच्या खालीच येतो. त्यामुळे हाताला थेट जोडणी मिळते.

भारतातल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स पुढे बॉनेटखाली. दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये केबल असतात. दांडा कितीही छोटा केला तरी त्या केबलचा आणि जोडांचा ढिलेपणा जात नाही.

सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे गॅरेजमध्ये मूळ दांडा कापून वेल्डिंग करणं. अनेक गाड्यांत नॉबखालची रिंग वर ओढल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. चुकून मागचा गिअर पडू नये म्हणून ती सोय असते. कापाकापीत ती बिघडली, तर पहिल्या गिअरऐवजी रिव्हर्स पडण्याची भीती असते. आणि कच्चं वेल्डिंग घाटात सुटलं, तर दांडा हातात येईल.

खरा दोष भलतीकडेच असेल तर?

'गिअर ढिला वाटतो', 'अडकतो' अशी तक्रार असेल, तर कारण बहुतेकदा दांड्याच्या लांबीत नसतं. जोडांमधले रबर किंवा प्लास्टिकचे बुश झिजलेले असतात, केबलचं सेटिंग हललेलं असतं, क्लच पूर्ण सुटत नसतो किंवा गिअर ऑइल जुनं झालेलं असतं. नवे बुश हे तुलनेने छोटं काम आहे आणि त्याने गिअरमध्ये कमालीचा फरक पडतो. दोष तसाच ठेवून शॉर्ट शिफ्टर बसवला, तर कमी झालेल्या थ्रोमुळे तो ढिलेपणा उलट जास्त जाणवतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

गिअरच्या दांड्याची लांबी आरसीवर नोंदवलेली नसते. शिवाय कलम ५२ मध्ये 'बदल' याचा अर्थ वाहनाच्या रचनेतला, त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा फेरफार असा दिला आहे. त्यामुळे रंग किंवा इंजिन बदलणं आणि शॉर्ट शिफ्टर बसवणं एकाच तागडीत येत नाही.

मात्र दंड टळला म्हणजे सगळं सुटलं असं नाही. बाहेरच्या पार्टमुळे झालेलं नुकसान कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. विमा कंपनीपासून बदल लपवला, तर अपघातानंतर दाव्यावरून वाद होऊ शकतो.

बसवायचा की नाही?

ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांसाठी, त्याच मॉडेलसाठी बनवलेला आणि जाणकार मेकॅनिककडून बसवून घेतलेला शॉर्ट शिफ्टर ही समजून केलेली हौस आहे. रोज ट्रॅफिकमध्ये शेकडो वेळा गिअर बदलणाऱ्या चालकासाठी मात्र हलका, थोडा लांब दांडाच सोयीचा. कंपनीनेही तो त्याच विचाराने दिलेला असतो. गिअर नीट पडत नसेल तर आधी बुश, केबल, क्लच आणि ऑइल तपासून घ्यावं. बऱ्याच गाड्यांचं दुखणं तिथेच संपतं आणि दांडा आहे तसाच राहतो.