कुलूप लावलेलं घरही मोजा

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणासाठी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्ये निवडली. शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या एकाही घराला त्या वेळी कोणी विचारले नाही.

अशा पाहणीत आधी वस्ती, मग घर, अनेक देशांत तर घरातली व्यक्तीही चिठ्ठी काढावी तशी निवडतात. मर्जीने माणसे निवडली तर आकडा खोटा ठरतो. नर्स म्हणून वस्त्यांत फिरताना पाहिले, दिवसा आपल्या दारांना कुलूप असते. बाई कापूस वेचायला, भाऊ बांधकामावर. जो सापडेल त्यालाच विचारले, तर राबणाऱ्याचे दुःख कागदावर येतच नाही. कागदावर नाही त्याच्यासाठी डॉक्टरही नाही आणि औषधही नाही.

म्हणून पुढच्या वेळी पथकाने सकाळ-संध्याकाळ यावे, बंद घरी पुन्हा यावे. आपली वस्ती यादीत आहे का, हे आपण विचारावे. सुनेचे नाव निघाले तर सासूने उत्तर देऊ नये. तिला एकटीला बोलू द्यावे.

तोवर झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. जय भीम!