सतरा जणींची बैठक

संघटनेचे मोजमाप तिच्या सभासदसंख्येवरून करायचे, की तिने काळाच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावरून? अमेरिकेतील पदवीधर महिलांच्या संघटनेचा जवळजवळ दीड शतकाचा इतिहास या प्रश्नाच्या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. त्यात अभिमानाचा भाग आहे, तसा लज्जेचाही आहे. आणि दोन्हींतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

२८ नोव्हेंबर १८८१ रोजी बोस्टन शहरात टॅलबट कुटुंबाच्या घरी सतरा तरुणी एकत्र आल्या. त्या आठ वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या पदवीधर होत्या. मेरियन टॅलबट नुकत्याच बोस्टन विद्यापीठातून उत्तीर्ण झाल्या होत्या. एलेन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ महिलेने १८७३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशास्त्र संस्थेची पहिली महिला पदवीधर होण्याचा मान मिळवला होता. पदवी हाती होती. पण त्या पदवीचे पुढे करायचे काय, याचे उत्तर समाजाकडे नव्हते. शिकलेली मुलगी आपल्या गावात एकटी पडत होती. हे एकटेपण कन्येच्या आधी मातेने ओळखले. मेरियनच्या मातोश्री एमिली टॅलबट यांच्या प्रेरणेने ही बैठक झाली आणि जानेवारी १८८२ मध्ये ६५ सदस्यांची रीतसर संघटना उभी राहिली.

तिच्यासमोरचे पहिले आव्हान मोठे होते. एडवर्ड क्लार्क या बोस्टनमधील नामवंत वैद्याने १८७३ मध्ये ग्रंथ लिहून असे प्रतिपादले होते की, मुलांप्रमाणेच अखंड बौद्धिक श्रम केल्यास मुलींची प्रकृती ढासळते आणि मातृत्वाची क्षमताच धोक्यात येते. या ग्रंथाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. पालक धास्तावले, महाविद्यालये बिचकली. अशा वेळी निषेधाच्या सभा घेणे सोपे होते. या महिलांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी प्रश्नावली तयार केली, पदवीधर भगिनींना ती पाठवली आणि आलेली ७०५ उत्तरे मॅसॅच्युसेट्सच्या श्रम-सांख्यिकी विभागाच्या हाती सोपवली. १८८५ मध्ये त्या सरकारी विभागाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तीन चतुर्थांशांहून अधिक पदवीधर महिलांची प्रकृती चांगली होती. उच्च शिक्षणाने स्त्रीचे आरोग्य खालावते, या समजुतीला आधार सापडला नाही. आरोपाला आकड्यांनी उत्तर मिळाले, आणि तेही त्रयस्थाच्या मुखाने.

हा अहवाल निघाला त्या वेळी आपल्या महाराष्ट्राची एक कन्या फिलाडेल्फियात वैद्यकाचा अभ्यास करीत होती. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी तेथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्याच सुमारास, १८८४ मध्ये, पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. शिकलेली मुलगी संसाराला पारखी होईल, ही भीती येथेही बोलून दाखवली जात होती. देश दोन, पण धास्ती एकच. १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, आनंदीबाईंचा क्षयाने अंत झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते; तो शिकलेल्यांना जसा गाठे, तसाच न शिकलेल्यांनाही.

पुढे संघटना वाढत गेली. १९१९ मध्ये पदवीधर महिलांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन करण्यात तिने पुढाकार घेतला. १९२१ मध्ये दक्षिणेकडील भगिनी-संघटना तिच्यात विलीन झाली आणि तिला अखिल अमेरिकी रूप आले. त्याच वर्षी अमेरिकन महिलांनी निधी जमवून मादाम क्यूरी यांना एक ग्रॅम रेडियम अर्पण केले, त्या कार्यातही या पदवीधर महिलांचा वाटा होता.

परंतु जे द्वार त्यांनी स्वतःसाठी उघडले, ते सर्वांसाठी उघडे राहिले काय? मेरी चर्च टेरेल यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मले होते. १८८४ मध्ये त्या ज्या ओबर्लिन महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, ते संस्थापक सदस्यांच्या आठ महाविद्यालयांपैकीच एक होय. तरीही १९४६ मध्ये वॉशिंग्टन शाखेने त्यांना प्रवेश नाकारला. कारण पदवीत नव्हते, त्वचेच्या रंगात होते. मध्यवर्ती संघटनेने शाखेला समज दिली, तेव्हा शाखा न्यायालयात गेली. न्यायालयाने नियमांचा अर्थ शाखेच्या बाजूने लावला. नियमच अपुरा ठरला, तेव्हा संघटनेने १९४९ च्या सिएटल अधिवेशनात नियम बदलला. सदस्यत्वासाठी शिक्षण हाच एक निकष राहील, असे ठरले. शाखेतील बहुसंख्य सदस्या बाहेर पडल्या. संघटनेने ती किंमत मोजली. टेरेल सन्मानाने आत आल्या, तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडली होती.

ज्यांनी स्वतःवरील अन्यायाला इतक्या संयमाने उत्तर दिले, त्यांच्याच घरात दुसरा अन्याय इतकी वर्षे नांदावा, हा या इतिहासातील सर्वांत बोचरा धडा आहे. शिक्षणाने मनुष्य आपोआप उदार होत नाही. औदार्य जोपासावे लागते, प्रसंगी जवळच्यांचा रोष पत्करून जोपासावे लागते. संख्या घटेल या भयाने चूक पोसणारी संघटना दीर्घकाळ टिकली, तरी ती समाजाच्या उपयोगाची राहत नाही.

आज आपल्या घराघरांत पदवीधर लेकी-सुना आहेत. त्यांची महिला मंडळे आहेत, भिशी आहे, हळदीकुंकू आहे. त्या मेळाव्यांतील जिव्हाळा मोलाचाच आहे. पण आपल्याच वस्तीतील कोणती मुलगी आठवीनंतर शाळेत गेली नाही आणि का गेली नाही, याची नोंद एखाद्या मंडळाने वहीत करून ठेवली, तर त्या वहीचे मोल मोठे ठरेल. आणि त्या मंडळाच्या सतरंजीवर कोणाला कधीच बोलावले गेले नाही, हेही त्याच वहीत प्रामाणिकपणे लिहिले गेले पाहिजे. बोस्टनच्या त्या दिवाणखान्यात सतराच जणी होत्या. प्रारंभाला तेवढ्या पुरतात.