गाठीचा अभिमान

परवा आमच्या ट्रेकच्या गटात पुन्हा तोच वाद झाला. एकेरी दोरावरून झाडावर चढायचं तर प्रुसिकच्या गाठीवरच चढावं, ती डिव्हाइसं म्हणजे नुसती फॅशन, खरा चढणारा यंत्राला हात लावत नाही, वगैरे वगैरे. तिथे मी गप्प बसले. पण ब्लॉग माझा आहे, इथे बसणार नाही. :)

आधी घरच्या वाचकांसाठी भानगड काय ते सांगते. (आई, एवढंच वाच. पुढचा परिच्छेद सोडून दे.) जुन्या पद्धतीत दोर फांदीवरून टाकतात. एक टोक आपल्या हार्नेसला, आणि दुसऱ्या पदराला आपण गाठीने अडकलेले. वजन दोन पदरांत वाटलं जातं, गाठीवर साधारण निम्मंच येतं. एकेरी पद्धतीत दोर जागचा हलत नाही, आपणच त्यावरून वर सरकतो. उंच झाडावर हे फार सोयीचं, कारण दुहेरी दोरावर एक फूट चढायला दोन फूट दोर ओढावा लागतो. पण एकेरीत सगळं वजन एकट्या गाठीवर. ती अशी आवळून बसते की सुटता सुटत नाही, आणि सुटलीच तर सर्रकन घसरते, तापते. चढायला गाठ उत्तम, उतरायला वैरीण.

हे मी कुठे वाचून सांगत नाहीये. "गाठ पुरे" हा सल्ला शिरोधार्य मानून मी एकदा घरच्या आंब्यावर तशीच चढले होते. उतरताना तीसेक फुटांवर गाठ जाम. अंगठे सोलवटले, ती हलेना. हार्नेसमध्ये नुसतं लटकून राहिलं की पायातलं रक्त पायातच साचतं, हे ठाऊक होतं. मग पायाच्या फासात उभं राहायचं, गाठ सैल करायची, चार बोटं खाली सरकवायची, बसायचं, पुन्हा उभं राहायचं... असा पाऊण तास. खालून बाबा दर पाच मिनिटांनी विचारत होते, "येतेयस ना गं?"

ह्याच दुखण्यावर 2010 च्या सुमारास केव्हिन बिंगहॅम या अमेरिकन झाड-चढणाऱ्याने 'रोप रेंच' काढला. गाठीच्या वर बसणारा छोटासा धातूचा तुकडा. आपलं वजन पडलं की तो दोराला वाक देतो आणि थोडा भार स्वतःवर घेतो. वजन काढलं की दोर मोकळा. गाठ तशीच राहते बरं का, फक्त तिच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं. आता ह्यात फसवणूक कुठे आहे?

"यंत्र दगा देतं." देतं ना! पेट्झलने 2013 साली आपलं झिगझॅग बाजारातून परत मागवलं होतं. पण गाठ काय दगा देत नाही? एक वेढा कमी पडला, कॉर्ड झिजली, दोराच्या मानाने जाड निघाली, की संपलं. आणि गाठ परत मागवायला कोणी कंपनी नसते.

"यंत्राने माणूस आळशी होतो." ह्यात थोडं तथ्य आहे. घाबरलेला माणूस हाताला येईल ते घट्ट धरतो. गाठ वरून धरली तरी ती सरकते, आणि डिव्हाइस दाबलं तरी तेही सुटतं. म्हणून आधी कमरेइतक्या उंचीवर शंभरदा चढा-उतरा. डिव्हाइस कुठल्या जाडीच्या दोरासाठी आहे ते बघा. गाठही शिकाच. पण शिकायची ती अडचणीला हाताशी असावी म्हणून, मिरवायला नव्हे.

मला खरा राग कशाचा येतो सांगू? हे गाठीचे अभिमानी रविवारी हौसेने चढतात. आमच्या गावात आंबे काढणारे गडी रोज चढतात, तेही दोराशिवाय. त्यांच्यातल्या एकाला मी माझं डिव्हाइस दाखवलं. त्याने ते हातात फिरवून बघितलं आणि विचारलं, "ताई, ह्याच्यावरनं उतरताना हात सोडला तर थांबतं?" थांबतं म्हटल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "केवढ्याला पडतं?"

त्याने "खरा चढणारा कोण" असं नाही विचारलं. आपणही आता विचारायचं बंद करूया.