कलेक्टर ऑफिसात अजून एक इंजिनिअर

मुख्यमंत्री फेलोशिपची २०२५-२६ ची जाहिरात वाचली. कोणत्याही शाखेचा पदवीधर, ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव, वय २१ ते २६. जागा ६०, महिन्याला ६१,५०० रुपये. छानच. फक्त ते "कोणत्याही शाखेचा" काही पटत नाही.

सायकॉलॉजीत एम.ए. व्हायला तेविसावं उजाडतं. मग नेट-सेट, पीएचडी. संशोधक म्हणून चार शब्द बोलायची वेळ येते तेव्हा तिशी दारात, आणि फेलोशिपचं दार कधीच बंद! आमचं बरंय. बाविसाव्या वर्षी बी.ई., वर्षभर कंपनीत टेस्टिंग, की झाला अर्ज तयार. मग कलेक्टर ऑफिसात जाऊन आम्ही काय करणार? डॅशबोर्ड.

आता बुलढाणा घ्या. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. त्या ३,७५० कोटींतला मोठा वाटा सिंचनाचा आणि व्याजमाफीचा. मनाची आठवण २०१५ साली झाली, 'प्रेरणा प्रकल्प' आला. बुलढाण्यासह १४ जिल्हे, आशाताईंनी घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणं विचारायची. कल्पना उत्तम. पण "उदास वाटतं का?" असं विचारल्यावर मेहकरकडचा गडी काय सांगेल? "काई नाई बाई, झोप लागत नाई, बस." हे उत्तर कसं वाचायचं, प्रश्न कसा फिरवायचा, भेटीचा खरंच उपयोग होतो का, हे शोधणं ज्यांचं शिक्षणच आहे त्यांना आपण वयात बाद करतो.

डॉक्टर आहेत की, म्हणाल. डॉक्टर समोर आलेल्या पेशंटला बघतो हो. जो येतच नाही त्याचं काय? शेजारच्या अमरावतीत 'विश्राम' प्रकल्पाने ३० गावांत, गावातलेच कार्यकर्ते घेऊन हे काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापूनही आलं.

आणि सरकारी फाइल? आत्महत्येनंतरच्या एक लाखाच्या मदतीसाठी ती बघते जमीन, कर्ज, थकबाकी. कर्ज खाजगी, तर सावकार परवानाधारक होता का. मग शिक्का: पात्र किंवा अपात्र.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांची संघटना १९७४ पासून आपली माणसं वर्षभर काँग्रेसच्या ऑफिसांत पाठवते. आपल्याला एवढंही लांब जायला नको. साठांतल्या चौदा जागा 'प्रेरणा'च्या जिल्ह्यांना द्या, वयाची अट पस्तीसवर न्या. आणि आल्या आल्या त्यांच्या टेबलावर डॅशबोर्ड नको, 'अपात्र' शिक्क्याच्या फाइलींचा गठ्ठा ठेवा.