उचल गेली, कोयता राहिला

मा. वित्तमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,


मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात शिक्षिका आहे. दिवाळी झाली की माझ्या वर्गातली मुलं आईबापांबरोबर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. निघण्याआधी मुकादम मजुरीची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, देतो. तिच्यातून दवाखाना भागतो, घरावर पत्रे चढतात, म्हाताऱ्यांसाठी किराणा भरला जातो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बापाने ती सगळी उचल मोबाइलवरच्या रमीत चार रात्रींत घालवली. फेड मात्र सुटली नाही. नवरा-बायकोने हंगामभर ऊस तोडला, हाती काही आलं नाही, आणि पोरगं फडावर धाकट्या बहिणीला सांभाळत बसलं. त्याचं दुसरीचं वर्ष तसंच गेलं.

पूर्वी जुगार डोळ्यांना दिसायचा. आठवडे बाजाराच्या कडेला झन्नामन्नाचा डाव, टपरीमागे आकड्यांच्या चिठ्ठ्या. पोलीस यायचे, 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवायचे. जुन्या मुंबई प्रांताचा हा कायदा गुजरातकडेही गेला. आमच्या जिल्ह्यातलं नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. जुगाराचा जुना कायदा दोन्हीकडे तोच. पण त्या कायद्याला जो अड्डा ठाऊक होता, तो आता माणसाच्या खिशात आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा मला फार बरं वाटलं. मात्र चोरून चालणारं अ‍ॅप शोधायला, गेलेला पैसा कुठल्या खात्यात वळला हे काढायला शिकलेली माणसं लागतात. त्यांना पगार लागतो.

तो कुठून द्यावा, तेही सांगते. जुगार हा विषय संविधानाने राज्यांकडे दिला आहे. 12 एप्रिल 1969 रोजी राज्याने स्वतःची लॉटरी सुरू केली, ती लोकांना मटक्यापासून वळवण्यासाठी आणि विकासाला पैसा उभा करण्यासाठी. मग त्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा जुगाराचं नियंत्रण आणि उपचार यांसाठी कायद्यानेच बांधून द्या. ब्रिटनने एप्रिल 2025 पासून जुगार कंपन्यांवर सक्तीची आकारणी लावली. तिच्यातला निम्मा पैसा उपचारांना जातो. जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. आमच्याकडे अजून त्याला ‘नाद’ म्हणतात, आणि नाद लागलेल्याला कुणी डॉक्टरकडे नेत नाही.

नंदुरबारसाठी माझं मागणं मोठं नाही. जिल्ह्याच्या सायबर पोलिसांना पुरेशी माणसं द्या. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा इथल्या सरकारी दवाखान्यांत एकेक समुपदेशक नेमा, आणि तो पावरी, भिली बोलणारा असू द्या. त्या बापाशी मी मराठीत बोलत होते, तो मान हलवत होता. त्याची बायको पावरीत बोलू लागली, तेव्हा कुठे तो रडला.

होळीला माणसं गावी परततील. त्याआधी येत्या अर्थसंकल्पात या कामाचं लेखाशीर्ष उघडा.

आपली,
सातपुड्यातील एक शिक्षिका