मिलानची चप्पल आणि वळिवड्याची छावणी

जून 2025 मध्ये प्राडाचे मॉडेल मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले. तेव्हापासून कळंब्याच्या तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांत एक मत पक्कं झालं आहे : यालाच सॉफ्ट पॉवर म्हणतात, कोरियाने गाण्यांवर जग जिंकलं, आपण चपलेवर जिंकू.

हे मला अजिबात पटत नाही. त्या मंचावर कोल्हापूरचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं. चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी ओरड झाल्यावरच कंपनीने मूळ मान्य केलं. चप्पल आपली, मिरवलं प्राडाने. माल खपला म्हणून माणसं आपली होत नाहीत. सॉफ्ट पॉवरची कल्पना 1990 मध्ये मांडणाऱ्या जोसेफ नाय यांनी संस्कृतीइतकंच महत्त्व देशाच्या वागणुकीला दिलं होतं. ते आपण सोयीस्करपणे विसरतो.

कोल्हापूरची खरी कमाई शेजारच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीची आहे. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे 5,000 पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, 1943 ते 1948 तिथं राहिले. शाळा, चर्च, नाटकं, स्काउट, सगळं छावणीत होतं. एक मुलगी तर कोल्हापूरचीच सून झाली. बाकीची जगभर पांगली, पण वळिवडे विसरली नाहीत. म्हणूनच वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये, 45 वर्षांनी भारताचा पंतप्रधान पोलंडला गेला, तेव्हा मोदींनी तिथं फुलं वाहिली. कुठल्याही प्रचारखात्याने न मिळवलेली ही पुण्याई दिल्लीला आयती मिळाली.

यावर कुणी म्हणेल, खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा, सूत्रं इंग्रजांची. कोल्हापूरने केलं काय? आक्षेप खरा आहे. ते काही दानधर्माचं काम नव्हतं. पण घरदार गमावून आलेल्या पोरांच्या आठवणीत खर्चाच्या वह्या राहत नाहीत, शेजार राहतो. तो कोल्हापूरचा होता.

उलट टोकाची थापही नको. 2022 मध्ये युक्रेनमधून निघालेल्या भारतीय विद्यार्थ्यांना पोलंडने व्हिसाशिवाय येऊ दिलं, ते वळिवड्यामुळे, असं सांगणारे भेटतात. पोलंडने तेव्हा दार सगळ्यांनाच उघडलं होतं. सद्भावनेने कुठल्या देशाचं मत फिरत नाही. फार तर बोलणी ओळखीपासून सुरू होतात. परक्या राजधानीत तेवढंही फुकट मिळत नाही.

पण ओळख जपावी लागते. पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या नवानगरच्या जामसाहेबांच्या नावाने वॉर्सॉत चौक आहे, आणि दरवर्षी 20 पोलिश तरुणांना भारतात आणायची योजनाही त्यांच्याच नावाने जाहीर झाली. आपल्याकडे? पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीतले सिंधी निर्वासित वसले, गांधीनगर झालं. तिथल्या बाजारात कापड घ्यायला जाणाऱ्या किती कळंबेकरांना हे ठाऊक आहे? चपलेसाठी केलेल्या आरडाओरड्याच्या पावपट जोर लावून त्या छावणीचे कागद, फोटो, उरल्यासुरल्या खुणा एकत्र करा, म्हणजे आजी कुठं वाढली ते शोधत येणाऱ्या पोलिश नातवंडांना दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल.