त्यांची जीभ घसरते, आमची मात्र अक्कल निघते!

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त झालेल्या एका वक्तृत्व स्पर्धेला जाण्याचा योग आला. विष्णुपुरीत खोली करून शिकणारी, मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी बोलायला उभी राहिली. विषय होता महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह. इतर स्पर्धकांसारखे पाठ केलेले भाषण तिच्याकडे नव्हते. आजीने सांगितलेली गावच्या विहिरीची हकीकत ती महाडला जोडत होती आणि सभागृह शांत ऐकत होते. पण तिच्या तोंडी ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ येत होते. चार-सहा वेळा ‘पानी’ झाले तसे मागच्या रांगेतून खिदळणे सुरू झाले. परीक्षकांपैकी एक महाशयही तोंडावर रुमाल धरून हसले. मुलगी गडबडली, दोन वाक्यांत भाषण गुंडाळून खाली उतरली. निकालाच्या वेळी शेरा मिळाला, “विचार चांगले, पण उच्चारांकडे लक्ष द्यावे.”

बाहेर भेटली तेव्हा म्हणाली, “जयभीम काका. आता नाय बोलत मी कुठं. लोक हसायलेत.”

वाचकहो, पाण्याच्या हक्कावर बोलणाऱ्या मुलीला ‘पाणी’ याच शब्दावरून गप्प बसवले गेले! बरे, ज्या संस्कृतचा या शुद्धवाद्यांना एवढा अभिमान, त्या संस्कृतात पाण्याला शब्द आहे ‘पानीय’. आपल्या पालीतही ‘पानीय’च. म्हणजे मूळ ‘न’ मुखेडच्या पोरीने सांभाळला आणि ‘ण’वाले तिला हसले. पण हे त्यांना कोणी सांगायचे?

मागच्या रांगेतल्या त्या पोरांना मी दोष देणार नाही. कोणाच्या बोलण्याला हसायचे आणि कोणाच्या बोलण्याकडे कानाडोळा करायचा, याचे शिक्षण त्यांना प्रस्थापित प्रसारमाध्यमांनी दिले आहे. गेली वीस-पंचवीस वर्षे ही शाळा रोज संध्याकाळी टीव्हीवर भरते.

आमच्या नांदेडचेच उदाहरण घ्या. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी अशोकराव चव्हाणांनी मुंबईत भाजपमध्ये प्रवेश केला. पत्रकार परिषदेत बोलताना त्यांनी भाजपचे तेव्हाचे मुंबई अध्यक्ष आशिष शेलार यांचा उल्लेख चक्क ‘मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष’ असा केला. व्यासपीठावर हशा पिकला, चूक दुरुस्त झाली, विषय संपला. वाहिन्यांनी तो गमतीचा क्षण म्हणून दाखवला. जुनी सवय, इतकी वर्षे काँग्रेसमध्ये काढली, तोंडात येणारच! आम्हालाही त्यात काही गैर वाटत नाही. माणूस आहे, चुकणारच. या एका वाक्यावरून कोणी अशोकरावांची अक्कल काढली नाही, शिक्षण काढले नाही, घराणे तर नाहीच नाही. विष्णुपुरीच्या धरणाला आणि सरकारी दवाखान्याच्या महाविद्यालयाला ज्यांच्या वडिलांचे नाव आहे, त्यांच्या चुकीला ‘चूक’ एवढाच अर्थ असतो.

हेच वाक्य रामदास आठवलेंच्या तोंडून निघाले असते तर?

आठवलेंच्या राजकारणाशी आमचे मतभेद आहेत आणि या स्तंभातून ते अनेकदा मांडले आहेत. पँथर म्हणून रस्त्यावर उतरलेला, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला हा माणूस आज कोणाच्या मांडीला मांडी लावून बसला आहे, याचा जाब समाज त्यांना विचारील. पण माध्यमांनी त्यांना राजकारणाचा जाब कधी विचारला? त्यांनी आठवलेंचा विदूषक केला. जुलै २०१६ मध्ये राज्यमंत्रिपदाची शपथ घेताना ते अडखळले, राष्ट्रपतींना टोकावे लागले. ती चित्रफीत वाहिन्यांनी दिवसभर फिरवली. शपथेत गडबड तर अमेरिकेतही झाली होती. २० जानेवारी २००९ ला तिथल्या सरन्यायाधीशांनीच शब्दांचा क्रम चुकवला आणि दुसऱ्या दिवशी बराक ओबामांना पुन्हा शपथ घ्यावी लागली. त्याला घटनात्मक काटेकोरपणा म्हणून गौरवले गेले. आपल्या माणसाचे अडखळणे मात्र हशाचा विषय.

फेब्रुवारी २०२० मध्ये आठवलेंनी गेटवे ऑफ इंडियाला चीनच्या मुत्सद्द्याला आणि भिक्खूंना बरोबर घेऊन ‘गो कोरोना गो’ म्हटले. सगळा देश हसला. शहाण्या लोकांनी त्याची गाणी केली. बरोबर महिनाभराने, २२ मार्चला, पंतप्रधानांच्या सांगण्यावरून तोच देश गॅलरीत उभा राहून थाळ्या बडवीत होता. पुढे ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लावले. थाळी बडवणे हे राष्ट्राची एकजूट आणि घोषणा देणे हा मूर्खपणा? दोन्हींनी विषाणू मरत नाही, एवढे तर कळायला हवे होते! आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठवलेंना लागण झाली तेव्हा आजारी माणसाची विचारपूस करण्याऐवजी पुन्हा तीच घोषणा काढून लोक हसले.

शशी थरूर यांचा किस्सा तर मासलेवाईक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये लोकसभेत अर्थमंत्र्यांचे उत्तर चालू असताना आठवलेंच्या चेहऱ्यावर कसे आश्चर्य होते, याची थरूरांनी ट्विटरवर टिंगल केली. ती करताना इंग्रजीचे पंडित थरूर ‘बजेट’ या शब्दाचेच स्पेलिंग चुकले. ‘रिप्लाय’चेही चुकले. आठवलेंनी दोन्ही चुका दाखवून दिल्या. बातमी अशी रंगली की जणू आठवलेंना बजेटचे स्पेलिंग येते हाच चमत्कार! थरूरांनी घाईतल्या टायपिंगवर बोट ठेवून हसत हसत चूक मान्य केली आणि प्रकरण मिटले. घाई ही फक्त परदेशात शिकलेल्यांनाच होते. आमच्या माणसाला घाई होत नाही, त्याला येतच नाही, असे आधीच ठरलेले असते.

इथे आपणही जरा आरशात पाहावे. आठवलेंच्या कवितांचे विनोद मोबाइलवर कोण पुढे पाठवते? आपलीच पोरे. गटबाजीच्या रागातून आपल्याच एका नेत्याच्या बोलण्यावर आपण हसतो, तेव्हा ते हसू त्या एका नेत्यापाशी थांबत नाही. ते विष्णुपुरीच्या मुलीपर्यंत जाते.

बहन मायावतींचे काय केले ते आठवा. चार वेळा उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झालेल्या या बाईंबद्दल माध्यमांचा आवडता शेरा कोणता? तर “कागदावरून वाचतात.” पंतप्रधान टेलिप्रॉम्प्टरच्या काचेवरून वाचतात ते वक्तृत्व आणि मायावती कागदावरून वाचतात ती अडचण! १७ जानेवारी २०२२ ला दावोसच्या परिषदेत ऑनलाइन बोलताना पंतप्रधान मध्येच थांबले, तेव्हा ही तांत्रिक खराबी कशी होती हे समजावून सांगायला किती जण धावले! असेलही खराबी. पण ही समजूतदार वृत्ती मायावतींच्या वाट्याला कधी आली? १८ जुलै २०१७ ला राज्यसभेत त्या सहारनपूरच्या दलितांवरील अत्याचाराबद्दल बोलायला उभ्या राहिल्या. तीन मिनिटे झाली म्हणून त्यांना थांबवले गेले. त्याच दिवशी त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. जिला वाचून दाखवते म्हणून हिणवले, ती बोलू लागली तेव्हा तिला बोलू दिले नाही.

कोणी म्हणेल, माध्यमे राहुल गांधींनाही हसली, ते कुठे दलित आहेत? खरे आहे. हसणे सत्तेच्या वाऱ्याबरोबर दिशा बदलते, हे आम्हाला मान्य आहे. २७ ऑक्टोबर २०१३ च्या पाटण्याच्या सभेत नरेंद्र मोदींनी तक्षशिला बिहारमध्ये नेऊन ठेवली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला महात्मा गांधींचे ‘मोहनदास’ सोडून ‘मोहनलाल’ केले. या चुका आल्या आणि गेल्या. राहुल गांधींना मात्र ‘पप्पू’ हे नाव कायमचे चिकटवण्यात आले. ८ ऑक्टोबर २०१३ ला ते म्हणाले होते की दलितांना वर यायला गुरू ग्रहावरून सुटण्याइतका वेग लागतो. उपमा बोजड होती, हसू येण्यासारखीच होती. पण सगळे त्या ग्रहावर हसत बसले आणि वाक्यातला दलित हरवला. खरा प्रश्न असा विचारायला हवा होता, की साहेब, हे गुरुत्वाकर्षण निर्माण कोणी केले? पन्नासहून अधिक वर्षे दिल्लीत राज्य कोणाचे होते? तो प्रश्न एकाही वाहिनीने विचारला नाही, कारण दलिताला खाली ओढणारी ती ओढ त्यांच्याही ऑफिसात आहे.

आर. आर. आबांचे प्रकरणही असेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मोठ्या शहरांत असे एखाददुसरे हादसे होतात, अशा अर्थाचे वाक्य ते मोडक्या हिंदीत बोलून गेले आणि गृहखाते गमावून बसले. एवढी माणसे मेल्यावर असे बोलणे चूकच होते, त्याचे समर्थन नाही. पण टिंगल वाक्याच्या अर्थाची कमी आणि तासगावकडच्या हिंदीची जास्त झाली.

इथपर्यंत जीभ घसरण्याचे झाले. पण दुसराही एक प्रकार आहे, ज्यात जीभ घसरत नाही, मनातलेच ओठावर येते. डिसेंबर २०२२ मध्ये पैठणला राज्याचे उच्च शिक्षणमंत्री चंद्रकांत पाटील म्हणाले की फुले, आंबेडकर, कर्मवीर भाऊराव यांनी शाळांसाठी भीक मागितली. मंत्री उच्च शिक्षणाचे, आणि ज्यांनी बहुजनांना शिक्षण दिले ते भिकारी! ओरड झाली तसा खुलासा आला की भीक म्हणजे वर्गणी. मग शब्दाला धरू नका, भावना बघा, असा सूर लागला. पिंपरी-चिंचवडमध्ये त्यांच्यावर शाई टाकणाऱ्या कार्यकर्त्यांवर सुरुवातीला खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले गेले, बंदोबस्तावरचे पोलीस निलंबित झाले, चित्रीकरण करणाऱ्या पत्रकारालाही ताब्यात घेतले. मंत्र्याचा शब्द सुटला तर भावना बघायची आणि कार्यकर्त्याची शाई सुटली तर कलम ३०७!

त्याच वर्षी तेव्हाचे राज्यपाल कोश्यारी यांनी सावित्रीमाई आणि जोतिरावांच्या बालविवाहावर हसत हसत टिप्पणी केली होती. मुलीने ‘पानी’ म्हटले की उच्चार सुधारायचे आणि राज्यपालांनी सावित्रीमाईंवर हसले की वय बघायचे.

डिसेंबर २०२४ तर मराठवाडा विसरू शकत नाही. १० तारखेला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. १५ तारखेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. नांदेड, लातूर, हिंगोलीची वस्ती न् वस्ती सुतकात होती. आणि १७ तारखेला राज्यसभेत देशाचे गृहमंत्री म्हणाले की आंबेडकर, आंबेडकर म्हणण्याची आता फॅशन झाली आहे, इतके देवाचे नाव घेतले असते तर स्वर्ग मिळाला असता. यावर वाहिन्यांनी चर्चा कशाची केली? तर चित्रफीत अर्धवट कापली का, पूर्ण भाषण ऐकले का, संदर्भ काय होता! आठवलेंची दहा सेकंदांची चित्रफीत फिरवताना संदर्भ कोणाला आठवला होता? आपलं ते बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हीच यांची पत्रकारिता.

बाबासाहेबांनी ही जात पूर्वीच ओळखली होती. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्यावरील व्याख्यानात त्यांनी सांगितले, की या देशातली पत्रकारिता आपल्या नायकांचा ढोल बडवण्याचा धंदा झाली आहे. ढोलवाल्याला आपल्या नायकाची जीभ घसरलेली ऐकू येत नाही, कारण ढोलाचा आवाजच मोठा असतो.

विष्णुपुरीचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला झाले, नामविस्तारानंतर आठ महिन्यांनी. त्या नावासाठी याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंनी जीव दिला, नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले. त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले आज तिथे एम.ए., एम.फार्म. करतात, पण तासाला शंका विचारायला हात वर करीत नाहीत. विचारले तर सांगतात, “सर, बोलायलो की सगळे बघायलेत.” नोकरीच्या मुलाखतीत हीच मुले मागे पडतात आणि अहवालात लिहिले जाते, ‘संवादकौशल्य कमी’.

आमच्या वस्तीच्या विहारात येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ऑर्केस्ट्रा रद्द केला आहे. त्याऐवजी माईक ठेवणार आहोत, ज्याला बोलायचे त्याला दहा मिनिटे, आपापल्या गावच्या बोलीत. परीक्षक नाहीत, बक्षीस नाही. त्या मुलीला दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा तिने नाव दिले. विषय विचारला तर म्हणाली, तोच, चवदार तळ्याचा.